उघडी यादी

आश्रमाच्या भिंतीवर रक्ताचा पंजा उमटला होता आणि शोभाताई तो ओल्या फडक्यानं पुसत होत्या. पुसताना तो जास्तच पसरत होता.

नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायकांचा हा आश्रम शोभाताई चालवतात. तिथल्या संगणकाचं काम माझ्याकडे. बायकांची नावं आणि आश्रमाचा पत्ता असलेली यादी रोज शहरातल्या कार्यालयात आपोआप जावी, अशी सोय मीच केली होती. पण फाइल उघडीच जायची. ती वाटेत कोणालाही वाचता आली असती. ‘सुरक्षित पाठवायची सोय नंतर करू,’ असं मी म्हटलं होतं.

आश्रमात राहणाऱ्या सुनंदाच्या नवऱ्याचा एक मित्र आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत कामाला होता. त्यानं ती यादी वाटेत वाचली आणि पत्ता नवऱ्याला दिला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी नवरा लोखंडी पहार घेऊन आला. त्यानं दार फोडलं, सुनंदाचा हात दोन ठिकाणी मोडला. शेजाऱ्यांनी त्याला धरलं, तेव्हाही तो तिला लाथा घालत होता.

माझं काम पडद्यावरचं, त्यातल्या चुकीनं कोणाचं हाड मोडत नाही, असं मला वाटायचं.

त्याच संध्याकाळी मी यादी सुरक्षित पाठवायची सोय केली आणि दवाखान्यात गेलो. सुनंदानं विचारलं, “दादा, त्याला पत्ता कसा कळला?”

“माझ्यामुळे.” मी सगळं सांगितलं.

तिनं विचारलं, “आता बाकीच्यांची नावं झाकलीत?”

“झाकली.”

“किती वेळ लागला?”

“पाऊण तास.”

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.