माडांखालची पावलं

देवबागच्या आमच्या घरात तीन खोल्यांना आतूनच संडास-बाथरूम आहे. त्या खोल्या पर्यटकांच्या. घरच्या माणसांचा संडास मागे, माडांच्या पलीकडे कुंपणाला लागून. तीन वर्षांपूर्वी होमस्टे सुरू केला तेव्हा सासऱ्यांची खोलीही पाहुण्यांना गेली आणि ते पडवीत झोपायला लागले. ही सगळी व्यवस्था माझी, आणि मला तिचा भारी अभिमान होता.

त्याच वर्षी आमच्या जागेत राखणदार जाणवायला लागला. रात्री सुकलेल्या झावळांवर पावलं वाजायची, काठी टेकल्याचा आवाज यायचा, थोड्या वेळानं पुन्हा तेच. जागेचा राखणदार, म्हणजे ती जागा सांभाळणारं दैवत, रात्री हद्दीवरून फिरतो, त्याच्या वाटेत जायचं नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी बी.एस्सी. झालेली, तरी डोक्यावरून चादर ओढून पडून राहायची. सकाळी पाहुण्यांना मात्र ऐटीत सांगायची, आमच्याकडे चोराची काय बिशाद! वर्षातून एकदा त्याला नारळ आणि विड्यांचं बंडल ठेवायचो. घरातले वडील म्हणून गाऱ्हाणं सासरेच घालत, "बा देवा म्हाराजा, ह्या घरावर तुझी नजर ऱ्हांव दे," आणि आम्ही हात जोडून म्हणायचो, "व्हय म्हाराजा!"

दिवसा सासरे जेवतानासुद्धा पेंगायचे. संध्याकाळनंतर पाणी नको, सोलकढी नको. म्हातारपणाचे नखरे, असं म्हणून मी सोडून द्यायची.

एका सकाळी ते पडवीचा खांब धरून उभे दिसले. घामानं निथळत होते, ओटीपोट फुगलेलं, हात लावू देईनात. नवरा पाहुण्यांना घेऊन बोटीवर गेला होता. मीच रिक्षा करून त्यांना मालवणला दवाखान्यात नेलं.

लघवी तुंबली होती. डॉक्टरांनी नळी घातली आणि पिशवी बघता बघता अर्ध्याच्या वर गेली. माझे डोळेच पांढरे व्हायची वेळ आली. एवढं पोटात घेऊन हा माणूस उभा कसा राहिला?

"आजोबा, रात्री किती वेळा उठता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सहा-सात."

"कधीपासून?"

 सासरे माझ्याकडे न बघता मलाच म्हणाले, "काय सांगतलंय गो तुका? ता मीच होतंय."

मला आधी काही कळेचना. मग झावळांवरची पावलं आणि टेकलेली काठी आठवली. तीन वर्षं! म्हणजे हा माणूस स्वतःलाच नारळ ठेवत होता, आणि आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो! मला हसू फुटलं आणि त्याच दमात इतकी चीड आली की मी दवाखान्यातच ओरडले, "सांगाक काय झाला होता?"

"सुनेक असला काय सांगतत? तुमी भियालात, ता माका बरा पडला. कोण भायर येवक नाय."

दुपारी रिपोर्ट आले. प्रोस्टेटची गाठ वाढलेली, पण साधी. तुंबलेल्या लघवीनं मात्र दोन्ही किडन्यांना धक्का बसला होता. एक बहुतेक हाती लागणार नाही, दुसरीचं बघू, असं डॉक्टर म्हणाले. तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. 

सासरे तोवर झोपले होते. तोंड उघडं, एक हात कॉटच्या बाहेर. नर्सनं सलाइन बदललं, शेजारच्या पेशंटचं पोर रडलं, तरी हलले नाहीत. असे गाढ झोपलेले मी त्यांना या तीन वर्षांत पाहिलेच नव्हते.

डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "रोज सहा-सात वेळा उठत होते आणि घरात कोणालाच कळलं नाही?"

खोटं बोलायचं सुचलंही नाही. मी म्हटलं, "कळत होतं. मी रोज रात्री पावलं ऐकत जागीच असायची."