माईकच्या ट्रॅकवरचा होकार

गेम खेळताना मी क्लिप रेकॉर्ड करायचे, तेव्हा सगळे आवाज एकात एक कालवले जायचे. गोळ्यांचा, मैत्रिणींचा, माझा आणि आईच्या कुकरचा. ऐन जिंकण्याच्या क्षणी हमखास शिट्टी. शेवटी वैतागून सेटिंग बदललं. गेमचा ट्रॅक वेगळा, मैत्रिणींचा वेगळा, माझ्या माईकचा वेगळा. अख्ख्या चिखलीत इतकी व्यवस्थित मुलगी दुसरी नसेल, असं मला त्या दिवशी वाटलं.

त्याच आठवड्यात बाबांनी जेवताना सांगितलं, की उंद्रीचे पाहुणे रविवारी मला पाहायला येणार आहेत. मला इतक्यात लग्न करायचं नव्हतं आणि मला विचारल्याशिवाय कुणाला बोलवायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. मी संतापले. बाबा म्हणाले, काल खेळत होतीस तेव्हा विचारलं, तू हो म्हणालीस. मी साफ नाकारलं. कालचं सगळं रेकॉर्ड आहे, आत्ता ऐकवते, म्हटलं.

बाबांची नोकरी तालुक्याच्या कोर्टात कारकुनीत गेलेली. पुरावा म्हटल्यावर ते हात धुऊन, चष्मा लावून बसले. मी ऐटीत फक्त माईकचा ट्रॅक लावला.

"बाई, उंद्रीचे पाहुणे तुले पाहाले येतो म्हणतात. रविवारी बोलावू काय?"

"हाव, लवकर."

आवाज माझाच आणि अगदी स्वच्छ. लग्नाची सुपारी फुटल्यासारखं आईनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

माझी पाचावर धारण बसली. मग लक्षात आलं, मैत्रिणींचा ट्रॅक बंद होता. तोही चालू करून पुन्हा, जरा आधीपासून लावलं. बाबा विचारत होते त्याच क्षणी मैत्रीण ओरडत होती, जीप घेऊन येऊ काय?

या वेळी मला आणखी एक गोष्ट ऐकू आली. प्रश्नाआधी बाबांनी मला तीनदा हाक मारली होती. हळूच, खेळ मोडू नये अशी. मला फार वाईट वाटलं.

बाबांनी तिथूनच उंद्रीला फोन लावला. "पोरगी हो म्हणाली नव्हती. माह्याच ऐकण्यात गलती झाली," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते आधी माझ्या एका कानावरचा हेडफोन उचलतात, मगच विचारतात. परवा गेममध्ये सगळे मरून आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि शत्रू. हेडफोन उचलला गेला. चहा ठेवू काय, बाबांनी विचारलं. मी मान वळवली, पूर्ण ऐकलं आणि हो म्हणाले. तेवढ्यात मागून गोळी लागली.

चहा मात्र चांगला झाला होता.