दगडूनानांचा घोडा

आसंधाची, म्हणजे अश्वगंधाची, मुळी हातात आली की चोपड्याचे दगडूनाना ती मोडत, नाकाशी धरत आणि विचारत, "घोडा शे का?" आसंधाला घोड्याचा वास येतो. वास उग्र तर औषध खरे, एवढेच त्यांचे वैद्यक. मी मात्र धुळ्याहून शेतकीची परीक्षा पास होऊन सरकारी शेतकी खात्यात नोकरीवर आलो होतो आणि मला खतांची नावे तोंडपाठ होती.

नानांचे बिघाभर बरड होते, निव्वळ मुरूम. त्यात ते आसंध लावत आणि शेणाची एक पाटीसुद्धा पडू देत नसत. मुळ्या निघत करंगळीएवढ्या. पण त्यांच्या काढ्याने बाळंतिणी आठवड्यात हिंडूफिरू लागत. मी नानांना नत्र, स्फुरद, पालाश समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊ, खत खाईसन पोट भरेल मुळी कसाले कडू व्हई?" मी हसलो. अडाणी माणसाला हसणे आमच्या अभ्यासक्रमात नव्हते, तरी आम्हाला ते छान जमे.

नाना थकले आणि बरड पुतण्याकडे आले. मी लगेच त्याला सल्फेटच्या दोन गोण्या मिळवून दिल्या. मुळ्या गाजराएवढ्या झाल्या! तालुक्याच्या प्रदर्शनात त्यांना पहिले बक्षीस मिळाले. साहेबांनी मुळी हातात धरून फोटो काढून घेतला. वास कोणी घेतला नाही, कारण तक्त्यात वजनाचा रकाना होता, वासाचा नव्हता.

त्याच हिवाळ्यात नाना तापाने अंथरुणाला खिळले. ताप उतरला, पण अंगात उभे राहण्याचे बळ उरले नाही. ते सारखे म्हणत, "मनी आसंध द्या, आठ दिनमा उठसू." जुन्या मुळ्या त्यांनी स्वतःच लोकांना वाटून संपवल्या होत्या. शेवटी बक्षिसाची मुळी मीच घेऊन गेलो. त्यांनी ती मोडली, नाकाशी धरली, उलटी करून पुन्हा धरली. मग माझ्याकडे पाहिले, पण या वेळी काही विचारले नाही.

पुतण्याच्या बायकोने त्याच मुळीचा काढा करून आणला. तिचे मन राखायला नानांनी वाटी रिकामी केली. तोंड पुसत म्हणाले, "भाजी चांगली व्हयनी, माय."

नवव्या दिवशी नाना गेले. माझ्या अहवालात ते बरड अजूनही ‘सुधारलेली जमीन’ आहे.