नव्या इमारतीपर्यंत

आमच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत नव्या इमारतीचं काम सुरू झालं, तेव्हापासून एक आजोबा दर सोमवारी येत. सत्तरी उलटलेले, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले. पत्र्याच्या कुंपणाशी उभं राहून काम बघत आणि मग माझ्या टेबलाशी येत.

"अक्का, स्वल्प पुढं गेलंय. फरशी बसवायला लागलेत."

त्यांच्या बायकोला विस्मरणाचा आजार होता. ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू संशोधनासाठी आमच्या प्रयोगशाळेला दिला होता. आता तो विभाग नव्या इमारतीत जाणार होता. खोली कितव्या मजल्यावर, वीज गेली तर जनरेटर आहे ना, एवढंच ते विचारत. उत्तर देताना मला अवघडल्यासारखं होई.

सामान हलवायच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. शीतपेट्यांची ढकलगाडी निघाली, तसे तिच्या बाजूनं चालू लागले. खडीवर गाडी हिंदकळली की हात पुढं करत, पण पेटीला लावत नसत.

नव्या दाराशी रखवालदारानं त्यांना अडवलं.

"सरी, ठीक आहे," म्हणून ते थांबले. मग मला हळूच म्हणाले, "अनोळखी जागेत ती फार बावरायची, अक्का. तुम्ही आत जाताय, तर तिच्याशी दोन शब्द बोला."

आत माणसं पेट्या लावत होती. मला बोलवेना.

"बोलले," बाहेर येऊन मी खोटंच सांगितलं.

"मराठीतच ना?" त्यांनी विचारलं. "शेवटी तिला कन्नड कळेनासं झालं होतं."

मी होकारार्थी मान हलवली.