चिरफाडबाई

शाळेतली पोरं तिला पाठीमागे चिरफाडबाई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहायचं आणि त्याची आतडी बाहेर काढायची, हेच तर तिने जन्मभर केलं. आधी क्रियापदाची मानगूट धरायची, त्याच्याखाली दोन रेघा. मग त्यालाच विचारायचं, कोणी? तो कर्ता. काय? ते कर्म. मधेच घुसलेलं गौण वाक्य चौकटीत कोंडायचं. मास्तरांना चावलेला कुत्रा विकला गेला, असं एक वाक्य ती दरवर्षी द्यायची. इंग्रजीत मास्तर आणि विकणं शेजारीशेजारी येतात, त्यामुळे दरवर्षी कोणीतरी छाती ठोकून मास्तरांनाच विकायचं आणि वर्ग हसून लोटपोट व्हायचा.

नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. इंग्रजीशी त्याचा छत्तीसचा आकडा. पण आपण जळलेली मोटार खोलून कुठली तार कुठे जाते ते बघतो, तसलंच काहीतरी ही करते, एवढं त्याला कळलं होतं. बोलण्यात तिच्यापुढे कोणाचीच डाळ शिजत नसे, त्याची तर मुळीच नाही.

एका सकाळी डबा भरता भरता ती खाली बसली. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली होती. हातपाय पुढे सावरले, वाचा मात्र गेली. दिवसभर नुसतं "ते... ते..." चालायचं. पाणी हवं असलं की माठाकडे बोट. तिला कळत सगळं होतं, हेच जास्त वाईट होतं.

त्याने हर तऱ्हेने प्रयत्न करून पाहिला. चित्रं दाखवली, अंकलिपी आणली, तीही तिने भिरकावून दिली. शेवटी वैतागून तिचंच जुनं व्याकरणाचं पुस्तक तिच्यापुढे आदळलं. तिने पेन उचललं आणि क्रियापदाखाली दोन रेघा मारल्या. कर्ता, कर्म, चौकट, सगळं जिथल्या तिथे. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, वाक्य खोलता येतं, जोडता येत नाही. त्यांना काही नवल वाटलं नाही. घरात मात्र उजाडल्यासारखं झालं.

मग तिने शाळेचा ध्यासच घेतला. सकाळी पर्स खांद्याला लावून दारात उभी राहायची. नवऱ्याने मुख्याध्यापिकांकडे खेटे घातले, हातापाया पडला. अखेर त्या म्हणाल्या, "सुट्टीत घेऊन या. रिकाम्या वर्गात बघू."

आदल्या संध्याकाळी तो स्टुलावर चढून पंखा उतरवत होता. ती खाली उभी होती. "ते... ते... ते..." ती म्हणाली. "हो गं, झालंच," तो वर बघतच म्हणाला. तिने त्याचा पाय धरेपर्यंत स्टुलाचा पाय निखळला होता. त्याचं कोपर फुटलं. ती बाजूला बसून कपाळ बडवून घेत होती. तिने पाहिलं होतं, सांगितलंही होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी फळ्यावर भलीमोठी वाक्यं लिहिली, एकात एक अडकलेली. तिने पदर खोचला आणि फडशा पाडला. एका ठिकाणी तर मुख्याध्यापिकांनीच टाकलेली चौकट पुसून तिने नीट टाकून दाखवली. मुख्याध्यापिकांचे डोळे भरून आले.

त्या नवऱ्याकडे वळल्या. "असं शिकवणारं माझ्याकडे दुसरं कोणी नाही. पण वर्ग म्हटला की पोरं पडतात, भांडतात, एखादं खिडकीत चढतं. त्यांना ही ओरडून थांबवू शकेल? घरी तुम्ही असता. तुम्ही हो म्हणालात, तर मी वरच्यांशी भांडेन."

ती त्याच्याकडे बघत होती. हात खडूने पांढरे, चेहरा लग्नानंतर कधी पाहिला नव्हता इतका खूश. त्याच्या वतीने तीच होकाराची मान डोलवत होती. त्याच्या कोपरात ठणका उठला.

"नाही जमणार तिला," तो म्हणाला.

मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली. बायकोने खडू फळ्याखाली ठेवला, हात पदराला पुसले आणि ती बाहेर पडली.

तो तिच्यामागे धावला. फाटकाशी ती गर्रकन वळली. तिने तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. तोही थांबला. त्याला ते हवं होतं. तिने त्याला फाडून खावं, भर रस्त्यात त्याची अब्रू काढावी.

"बोल ना," तो रडत म्हणाला. "काय वाटेल ते बोल मला."

"ते..." ती म्हणाली. "ते... ते..."

येणारेजाणारे बघायला लागले. तिने तोंड मिटलं आणि ती त्याच्या बाजूने घराकडे चालू लागली.