न दुखणारी गाठ

"दुखत न्हाई म्हणून तर मला भ्या वाटतंय," असं राहीबाई एकदा म्हणाली होती. ऐकायला सासू होती आणि दीर होता. दोघंही हसले.

तासगावच्या पलीकडच्या एका गावात राहीबाई थोरली सून म्हणून नांदली. नवरा हंबीरराव पलटणीत, वर्षाकाठी एकदा रजेवर येणारा. घरात सासू येसूबाई, दीर जालिंदर, लग्नाला आलेली लेक, शाळेत जाणारा धाकटा मुलगा आणि दावणीला म्हशी. म्हशींचं सगळं राहीबाईकडे. धारेला बसली की कासेला हात लागताच तिला दगडीची चाहूल लागायची. दगडी म्हणजे कासेत दूध गोठून येणारी सूज. कास तापते, म्हैस हात लावू देत नाही, लाथ झाडते.

सन सहासष्टच्या उन्हाळ्यात अंग धुताना तिच्या डाव्या थानाला, काखेच्या अंगाला, काहीतरी टणक लागलं. सुपारीएवढं. दाबलं तर दुखेना, सारलं तर सरकेना. पाळी येऊन गेली की जिरेल म्हणून तिने वाट पाहिली. पाळी येऊन गेली, सुपारी जागची हलली नाही. मग तिने सासूला सांगितलं.

येसूबाईने एकच प्रश्न विचारला. दुखतंय का? नाही म्हटल्यावर बोलणं संपलं. त्या घरात बाईचा आजार दुखण्यावर मोजत, आणि दुखणं भाकरीवर. भाकरी थापता येते तोवर बाई धडधाकट. राहीबाईला भाकरी थापता येत होती.

तरी हळदीचा लेप झाला. उतार पडेना तेव्हा जालिंदरने निदान केलं, की ही दगडीच, धुळा वैदूला बोलवू. धुळा गावातल्या म्हशींना डागणी द्यायचा. राहीबाई म्हणाली, दगडीला दूध लागतं, माझं शेवटचं पोर शाळेत जातंय. दगडी तापते, ठणकते, हे तर थंड हाय. आणि मग ते वाक्य म्हणाली.

"वैनी, दुखाया लागलं की सांगा," जालिंदर म्हणाला. "मग समदी मिळून भिऊ."

धुळा आला. पण परक्या बाईचं अंग बघायचं नाही, हा त्याचा नेम. तो दाराबाहेर पाठ करून बसला. शेणीच्या विस्तवात विळा तापवला, दाराच्या फटीतून आत सरकवला आणि भिंतीकडे बघत सांगत राहिला, कुठं टेकवायचा, किती दाबायचा. न बघता सांगणारा वैदू आणि न समजता डागणारी सासू. डाग येसूबाईने दिला. म्हशीला डागताना चार माणसं धरायला लागतात. राहीबाईला कुणी धरलं नाही. तोंडात पदराचा बोळा तेवढा दिला, आवाज बाहेरच्या सोप्यात जाऊ नये म्हणून.

डाग चिघळला. आता मात्र दुखत होतं, म्हणून आता तो आजार झाला. जालिंदरने तिला एसटीत घालून तासगावला एका डॉक्टरकडे नेलं. तिथेही रीत तीच. बाई दाराजवळच्या बाकड्यावर, पदर ओढून. बोलायचं पुरुषाने. डॉक्टर जालिंदरला विचारी, जालिंदर डॉक्टरला सांगे. चुलीपाशी भाजली, म्हणाला. डॉक्टरने पदर बोटभर सरकवायला लावून जखम बघितली, सुई टोचली, मलम दिलं. तेव्हा राहीबाई पदराआडून बोलली, की आत गाठ हाय, आधीपासनं हाय. डॉक्टरने उत्तर जालिंदरला दिलं. भाजलेली कातडी आवळते, हाताला गाठीसारखी लागते. त्याने बोट लावून बघितलं नाही. मलमाच्या डबीचं झाकण बसवायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात बघून झालं असतं.

जखम भरली. येसूबाईने म्हसोबाला नारळ फोडला. पुढे त्या जागी कातडीला खळी पडली. बोंड आत ओढलं गेलं. अंग आपल्या परीने ओरडून सांगत होतं आणि घर दर वेळी म्हणत होतं, डागाचं हाय ते. विळ्याने गाठ जाळली नाही. गाठीच्या खुणा मात्र झाकल्या.

माघात ती सांगलीला बहिणीकडे, आक्काताईकडे गेली. न्हाणीत पाठ चोळताना आक्काताईने गाठीला हात लावला. एवढ्या महिन्यांत दुसऱ्या माणसाचा हात तिथे पहिल्यांदा लागला होता. सकाळी दोघी मिरजेला मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथे बाई डॉक्टर होती. तिने जे काही विचारलं ते राहीबाईला विचारलं. कधी कळलं, वाढली का, पाळीबरोबर कमीजास्त होते का, बोंडातून पाणी किंवा रगत येतं का. दोन्ही हात वर करायला लावले आणि नुसतं बघितलं. आधी चांगली बाजू बोटांच्या सपाटीने तपासली, मग ही, मग काख. काखेत तिची बोटं थांबली.

मग तिने समजावलं. बायकांच्या छातीत गाठी पुष्कळ होतात, त्यातल्या बऱ्याच साध्या असतात. तरण्या पोरींची गाठ बोटाखालून निसटते. अंगावर पाजणारीची तापते आणि ठणकते. तुमची निसटत नाही, ठणकत नाही, आणि काखेतही दाणा आहे. तुकडा काढून तपासायला हवा, आणि लगेच. बहुतेक थान काढावं लागेल.

"मालकांची सही लागंल?" राहीबाईने विचारलं.

"तुमचा अंगठा पुरे."

सामान आणायला दोघी गावी आल्या, तर हंबीरराव रजेवर आलेला. लेकीला कराडजवळच्या मलकापूरचं स्थळ आलं होतं. दुपार उतरली तशी सोप्यात बैठक बसली. आक्काताईने डॉक्टरीणबाईचा शब्दन् शब्द सांगितला. थांबलं तर बहीण जाईल, हेही सांगितलं. राहीबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. तिच्या अंगाचा निकाल बाहेर लागत होता.

जालिंदर म्हणाला, मलकापूरकरांच्या कानावर गेलं तर स्थळ मोडेल, आईचा रोग लेकीत बघतील. येसूबाई म्हणाली, कापलेलं अंग घेऊन ही मांडवात उभी राहणार व्हय? हंबीरराव वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर चीड एका जागी ठेवता आली असती. त्याने बायकोकडे बघून विचारलं, "दुखतंय का गं?"

राहीबाईने उंबऱ्याआड पदर सावरला.

"मग वैशाखात पोरीचं उरकू," तो म्हणाला. "मागनं मी सोता घेऊन जातो मिरजंला."

जालिंदरने मान डोलावली आणि सुपारी कातरायला घेतली. दावणीला धारेची वेळ झाली होती, म्हशी हंबरत होत्या. राहीबाई आत गेली. चरवीकडे तिने बघितलं नाही. दोन लुगडी गाठोड्यात बांधली, पायात चपला घातल्या, उंबरा ओलांडला आणि बसलेल्या माणसांमधून, कुणालाही वाट न मागता, मिरजेच्या एसटीच्या रस्त्याकडे निघून गेली.