कंप्युटरकाकूचा कान

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते जुना कंप्युटर उघडायचं. दुपारची वेळ. दुकानाच्या फरशीवर सतरंजी, तिच्यावर तो पिवळा पडलेला डबा आडवा, आणि त्याच्या पोटाला कान लावून ही बसलेली. म्हणाली, "पंखा बंद करा. मला त्याचं ऐकू द्या." मी पंखा बंद केला. घामानं जीव गेला. बटण दाबलं की डबा लांब लांब ओरडायचा आणि पडदा काळाच्या काळा. ती म्हणाली, "जीव हाय त्याच्यात. मेलेलं वरडत न्हाई."

मुरुडात तिला लहानथोर सगळे कंप्युटरकाकू म्हणायचे. आमचं लग्नपत्रिकेचं दुकान. ती कंप्युटरवर मजकूर जुळवायची, मी जाळीवर शाई ओढून छापायचो. माझी शाळा चौथीत सुटली, तिची सातवीत. लातूरहून हा कंप्युटर आणला तेव्हा मी त्याला हात लावायला भ्यायचो. ती पहिल्याच दिवशी त्याच्यापुढं अशी बसली, जशी चुलीपुढं बसते.

पहिल्यांदा तो बंद पडला तो ऐन लग्नसराईत. लातूरचा मेकॅनिक आला. ही त्याच्या शेजारी ठाण मांडून बसली. "हे काढलं तर काय हुतं? ही पट्टी कशाची?" त्याला कंटाळा येईल असं मला वाटलं, पण तो बिचारा हौसेनं सांगत गेला. पुढच्या खेपेला तिनं मेकॅनिकला बोलावलंच नाही. पदर खोचला आणि स्क्रू काढायला लागली. मी ओरडलो, "अगं, करंट बसून मरशील!" ती म्हणाली, "वायर कवाच काढलीय. तुम्ही बोंबलू नका."

तिचं सगळं कानावर. "बारीक एकदा टिट म्हणला की खुशाल हाय. लांब वरडला की मेमरीची पट्टी. गपगार राहिला की वीजच पोचली न्हाई." मी म्हणायचो, तुला कसं कळतं गं हे? तर म्हणायची, "लेकरू भुकेनं वेगळं रडतं, पोट दुखल्यावर वेगळं रडतं. कळत न्हाई व्हय?" मला कधीच कळलं नाही. ना लेकराचं, ना कंप्युटरचं. मी नुसता बघत राहायचो. देवळात माणूस बघतो तसा.

तिची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. "दोन हलवल्या की गुन्हा कुणाचा ते कळत न्हाई," म्हणायची. माणसांनाही तीच रीत. एकदा दोन भाऊ दुकानात एकमेकांच्या अंगावर धावले. पत्रिकेत नाव आधी कोणाचं, यावरून. हिनं धाकट्याला माझ्याबरोबर चहाला पाठवलं आणि थोरल्याला समोर बसवलं. मग थोरल्याला बाहेर, धाकट्याला आत. शेवटी निघालं काय, तर धाकट्याला साखरपुड्याचं बोलावणंच आलं नव्हतं. ही थोरल्याला म्हणाली, "भाऊ, नावाचं काय घिऊन बसलाव? जावा, त्याला आधी घरी जेवायला न्या." गेले की दोघं मुकाट्यानं.

तर त्या दुपारी. आमच्या मुलीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी सुधा म्हणाली, "आई, लॅपटॉपवर कर की पत्रिका. हे धूड कशाला उचकायलीस?" ही म्हणाली, "तुझी पत्रिका ह्याच्यावर झाली. तुझ्या पोरीची बी ह्याच्यावरच हुईल." एकदा ठरवलं की ठरवलं. डॉक्टरनं तिला दगदग करू नको म्हणून बजावलं होतं. ते मी बोलून दाखवलं. तिनं ऐकलं नाही.

मेमरीची पट्टी काढून तिनं खोडरबरानं घासली. रबर लाल झालं. तिनं ते माझ्यापुढं धरलं. "बघा. वळकलं का?"

कुंकू होतं. दर दसऱ्याला मी मशिनींची पूजा करायचो. जाळीला, कटरला, कंप्युटरला. वरून बोट लावून समाधान होत नव्हतं म्हणून झाकण काढून आतसुद्धा हळदकुंकू वाहायचो.

"आवं, वरून लावलेलं देवाला पोचत न्हाई व्हय?"

"म्हटलं, काम तर आतलंच करतंय ना."

"म्हून त्याच्या नरड्यात कुंकू कोंबलंव?"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पट्टी बसवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि बटण दाबलं. बारीक एकदा टिट. पडदा उजळला. माझे हात आपोआप जोडले गेले. "मला काय हात जोडायलाव? उठा, चहा टाका," म्हणाली.

दिवेलागणीपर्यंत तिनं नातीची पत्रिका जुळवली. आजी-आजोबा म्हणून आमची दोघांची नावं घातली. मी म्हटलं, "सकाळी छापू." ती म्हणाली, "हाव."

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. त्या दिवसाचं मी काही लिहीत नाही. लोक आले, न्यायची ती नेली.

लग्न ठरल्या दिवशीच करायचं, असं व्याह्यांनी आणि आम्ही मिळून ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधा दाराशी उभी राहिली. "दादा, पत्रिकेत आईचं नाव... बाहेरून दुरुस्त करून आणू का?"

मी नको म्हटलं. दुकान उघडलं. तिच्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो, बसलो. बटण दाबलं. कंप्युटर चालू झाला. सुधानं पत्रिका उघडून दिली आणि बाजूला झाली. नावाआधीचं 'सौ.' तिनं स्वतः लिहिलेलं होतं. त्याच्याआधी 'कै.' घालायचं होतं. एका बोटानं बटणं हुडकत बसलो. एक अक्षर आणि एक टिंब. शेजारून आलेला चहा सुधानं दोनदा आणून ठेवला आणि दोनदा तसाच उचलून नेला.